शिळ्या पावाचं पोतं

त्या वर्षी महागाई इतकी वाढली की कोपऱ्यावरच्या दुकानदारानं पाटीवर भाव लिहायचंच सोडून दिलं. "खडू परवडत नाही," म्हणायचा आणि तोंडी सांगायचा, तेही गिऱ्हाईकाकडं न बघता. तेल वाढलं, साबण वाढला, गॅसच्या टाकीचं तर नावच काढायला नको. पण भट्टीवरून विटा वाहणाऱ्या गाडीवानाच्या घरात त्याची झळ दिसत नव्हती, कारण त्या घरात पुरवी होती.

पुरवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्या साली सासूनं कुणा पाहुण्याला कौतुकानं सांगितलं होतं, "आमच्या सुनेच्या हातावर ओंजळभर पीठ ठेवा, चार ताटं वाढून दाखवील. पुरवीच आहे ती." नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा शनिवारी घरखर्च तिच्या हातावर ठेवायचा. दोन वर्षं तेवढाच. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही की आणखी मागितले नाहीत. तेवढंच तिचं भूषण. अंगावर दुसरं नव्हतंच.

कसं भागवायची ते तिचं तिलाच माहीत. साबणाच्या चिपट्या ओल्या करून एकीला एक चिकटवायची. चहाची भुकटी दुसऱ्यांदा उकळायची. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची, म्हणजे आपल्या ताटात किती पडलं ते कुणी बघत नाही. पण घरातलं सगळ्यात मोठं तोंड माणसाचं नव्हतं. ते परसातल्या छपरीत उभं असायचं आणि दिवसाला पाटीभर कोंडा फस्त करायचं.

तांबू नावाची ती घोडी अकरा वर्षांची होती. रंगानं भाजलेल्या विटेसारखी, डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. दिवसातून सहा वेळा भट्टी ते बांधकामं अशा खेपा तिच्या जोरावर व्हायच्या. ती चालली तर घर चालायचं, इतकं ते सरळ होतं.

कोंड्याचं पोतं वर्षात दोनदा महागलं, तेव्हा पुरवीनं बेकरीचं मागचं दार शोधलं. बेकरीवाल्याची बायको शिळे पाव, जळक्या कडा, उरलेले कणकेचे गोळे असं सगळं पोत्यात भरून कोंबड्या पाळणाऱ्यांना विकायची. कोंड्याच्या चौथाई भावात पोतं. पुरवीनं आधी दोन मुठी पाव कुस्करून कोंड्यात मिसळला. तांबूनं तोबरा चाटून पुसून साफ केला आणि वरचा ओठ हलवत पुरवीचे खिसे हुंगले. पुढं दोन मुठींच्या चार झाल्या, चारांच्या आठ. घोडीच्या अंगावर चकाकी आली, कुणाला काही कळलं नाही. नवऱ्याला सांगायचं तिच्या मनात यायचं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जनावराचं तोंड मारून संसार करू नकोस. मग कोंड्याला जादा पैसे मागावे लागले असते. आणि मागणं तिला जमत नव्हतं.

सोमवारी दुपारी ती छपरीत गेली तर पाण्याचं पिंप पाझरून पोत्याचा तळ भिजलेला. हात घातला, पाव लिबलिबीत लागला. दोन दिवसांत बुरशी धरणार हे नक्की. अर्ध्याहून जास्त पोतं शिल्लक होतं. कोंबड्यांना द्यावं तर घरी कोंबडी नाही, शेजाऱ्यांना द्यावं तर चार प्रश्न. टाकून द्यावं हे मात्र तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. अन्न आहे, ते उकिरड्यावर कसं टाकायचं? तिनं सोमवारी संध्याकाळी तोबरा नुसत्या पावानं भरला. मंगळवारी सकाळी भरला. मंगळवारी संध्याकाळी कणकेचे गोळेही घातले आणि रिकामं पोतं झटकून वाळत टाकलं. काही वाया गेलं नाही, म्हणून तिला बरं वाटलं.

बुधवारी उजाडता उजाडता नवऱ्याची हाक आली. "अगं, इकडं ये. ही बघ कशी करतेय."

तांबू छपरीत मान खाली घालून उभी होती. पुढ्यातल्या गवताला तोंड लावलेलं नव्हतं. मधूनच मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघायची, मागचा पाय पोटाशी आपटायची. मानेखाली घामाचे ओघळ. गाडीवानानं तिच्या कुशीला कान लावला आणि तसाच थांबला.

"काल माझंच चुकलं," तो हळू म्हणाला. "ठेकेदार मागं लागला म्हणून सातवी खेप केली. एवढं ऊन, घोडी तापलेली, आणि आल्या आल्या मी बादली पुढं केली. थंडगार पाणी. गटागटा प्यायली."

सासू दारातून आली ती बोलतच. "तापलेल्या जनावराला थंड पाणी? तुझ्या बापानं हयातभर घोडी हाकली, कधी ऐकलंस असलं? अक्कल काय भट्टीत भाजायला ठेवली होतीस?"

"चुकलं म्हणतोय ना, आई."

"चुकलं म्हणून पोट उतरतं का तिचं?"

पुरवी छपरीच्या खांबाला धरून उभी होती. दोरीवर ते रिकामं पोतं वाळत होतं. ती गेली, पोतं काढलं, चार घड्या केल्या आणि बादलीच्या मागं सारलं. हात आपोआप करत होते. 

सकाळभर तिघांनी घोडीला परसात फिरवलं. ती दहा पावलं चालायची, थांबायची, बसू बघायची. ती बसली की गाडीवान लगाम ओढून उठवायचा आणि उठवताना म्हणायचा, "ऊठ माझी आई, मी गाढव आहे, ऊठ." दुपारी त्यानं डोक्याला टापशी गुंडाळली आणि डॉक्टरबाईंना आणायला गेला.

डॉक्टरबाई तरुण होत्या, झपाझप बोलणाऱ्या. जीपमधून उतरतानाच म्हणाल्या, "फी वाढलीय हं. औषधांचे भाव दुप्पट झालेत, डिझेलचं तर बघताच आहात. मागाहून कुरकुर नको."

"नाही बाई, कुरकुर कसली," गाडीवान म्हणाला. पण आकडा ऐकल्यावर त्याचा हात खिशाकडं गेलेला पुरवीला दिसला. आठवड्याच्या कमाईएवढी नुसती फी, सुया वेगळ्या.

बाईंनी ताप बघितला, पोटाला नळी लावून ऐकलं, हिरड्या दाबून बघितल्या. "खाण्यात काही वेगळं? दाणा बदलला? बाहेर कुठं तोंड घातलं?"

"छे," गाडीवान म्हणाला. "कोंडा आणि सुकं गवत. रोजचंच. बाई, मी काल तापलेली असताना थंड पाणी पाजलं. त्यानंच झालंय."

"घरात घोडीचं खाणं कोण बघतं?"

पुरवीनं बोट वर केल्यासारखा हात हलवला. "मी."

"मग? रोजचंच?"

तिच्या डोळ्यांपुढं सगळं एकदम आलं. सासू, नवरा, बाईंच्या हातातली सुई, आणि आठवड्याची कमाई. तिनं मान हलवली. ती मान 'हो' म्हणून हलली की 'नाही' म्हणून, हे बाईंनी विचारलं नाही. त्या सुई भरायला वळल्या होत्या.

"पोटदुखीची सुई देतेय. आज उपाशी ठेवा. थंड पाण्यानं एवढं सहसा होत नाही, पण बघू." लिदीचा गोळा बुटाच्या टोकानं उलटा करून त्यांनी नाक मुरडलं. "आंबूस वास येतोय." मग दुसऱ्या गावाहून फोन आला आणि त्या गेल्या.

सुईनं घोडी शांत झाली. सासू म्हणाली, "बघा, सुटली." पुरवीनं स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावली. सुटली, आपणही सुटलो, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली. त्या दिवशी जेवताना सासूनं लेकाला तीनदा ऐकवलं. "बादलीवाले आले. वाढ गं त्याला. पण पाणी कोमट दे हो." तो खाली मान घालून जेवत राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पुरवीनं त्याच्या ताटात वाढलं, तो "बास" म्हणाला तरी आणखी वाढलं.

गुरुवारी सकाळी घोडीचं पोट ठीक होतं, पण ती विचित्र उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढं टाकलेले, सगळा भार मागं, जसं कुणी उतारावर गाडी रोखून धरावी. एक पाऊल टाकायला लावलं तर सगळं अंग थरथरायचं.

"डॉक्टरला परत बोलावणं आपल्या आवाक्यातलं नाही," गाडीवान म्हणाला. "पायांचं आहे. नालबंदाला बोलावतो."

नालबंद म्हातारा होता, एका डोळ्यानं अधू, जिभेनं मात्र धडधाकट. गेल्याच महिन्यात त्यानं नाल ठोकले होते. "माझ्या खिळ्याला नावं ठेवायला बोलावलंत होय?" म्हणत आला. "वहिनी, चहा टाका. आधी चहा, मग शिव्या."

मग तो वाकला, घोडीच्या खुरावर तळवा ठेवला आणि त्याची थट्टा जागीच थांबली. दुसऱ्या खुरावर ठेवला. पुरवीचा हात धरून त्यानं तो खुरावर टेकवला. चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखं खूर तापलं होतं.

"हा खिळा नाही, बाबा," तो गाडीवानाला म्हणाला. "नाल काढून देतो, त्याचे पैसे देऊ नकोस. पण हे माझ्या हातचं नाही. असं मी दोनदाच बघितलंय. एकदा धान्याच्या कोठारात घोडा सुटला होता, आणि एकदा लग्नाघरी कुणी मूर्खानं परातभर गोड खाऊ घातलं होतं. बाईंना बोलाव. आत्ताच्या आत्ता."

"धान्य कुठलं आमच्याकडं!" सासू म्हणाली. "माणसांनाच मोजून मिळतंय."

"मग असेल पाण्याचं," नालबंद म्हणाला, पण त्याचा चांगला डोळा पुरवीवर क्षणभर थांबला. चहा तसाच निवत राहिला.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. छपरीचे पत्रे तडतडत होते. बाईंनी खुरांमागच्या शिरेवर बोट ठेवलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"हिनं काहीतरी खाल्लंय," त्या म्हणाल्या. "भरपूर. मी काल विचारलं होतं."

"बाई, खरंच पाणी..." गाडीवानानं सुरुवात केली. "मी देवाशपथ सांगतो, माझंच पाप आहे. सातवी खेप केली नसती तर..."

"पाणी नाही हो!" बाई वैतागल्या. "मला नीट कळलं नाही तर मी काय अंदाजानं सुया टोचत बसू? प्रत्येक सुईचे पैसे तुम्हीच देणार आहात."

गाडीवानाच्या हातात लगाम होता. तो त्याच्या टोकाशी चाळा करत होता, मार खाणाऱ्या पोरासारखा. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग पडले होते. देवाची शपथ घेऊन तो स्वतःवर खोटं घेत होता, आणि ती ऐकत होती. पुरवीला वाटलं, आता गप्प राहिले तर पुढं कधीच मला बोलता येणार नाही.

"पाव," ती म्हणाली.

कुणाला ऐकू आलं नाही. ती पुढं आली.

"पाव दिला मी. बेकरीतला शिळा. आधी दोन मुठी, मग आठ, असा रोज द्यायचे, चार महिने झाले. सोमवारी पोतं भिजलं. बुरशी येईल म्हणून दोन दिवसांत सगळं घातलं. कणकेचे गोळेपण. अर्ध्या पोत्याच्या वर होतं."



"काल का नाही बोललात?" बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काल कळलं असतं तर नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं असतं, तिथंच मिटलं असतं. आता ते पोटात आंबून झालेलं विष पायात उतरलंय." त्यांनी बाह्या वर केल्या. "बादल्या आणा. बर्फ मिळाला तर बर्फ. पाय पाण्यात पाहिजेत, दिवसभर."

सासू ओट्यावर मटकन बसली. "आणि मी दोन दिवस माझ्या लेकराला बोल लावतेय," ती म्हणाली. "दोन दिवस! आणि तू वाढत होतीस, ऐकत होतीस."  सुनेला ठेवलेलं नावही तिनं घेतलं नाही.

गाडीवान बादल्या उचलून नळाकडं गेला.

त्या दुपारी घोडीच्या नाकातून नळी गेली, तेलाचा डबा रिकामा झाला, मानेत चार सुया झाल्या, खुरांना खालून जाड गाद्या बांधल्या. बाईंनी कागदावर आकडा लिहिला तेव्हा तो वाचून गाडीवान आत गेला. गाडीचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. नव्या टायरांसाठी साठवलेली पुरचुंडी त्यानं आणून बाईंच्या हातावर उलटी केली. बाईंनी त्यातून थोडे परत दिले. "बर्फाला ठेवा," म्हणाल्या. आणि जाताना म्हणाल्या, "जगेल. पण तीन महिने जुंपायची नाही. त्यानंतरही जड ओझं ओढेलच असं मी सांगत नाही."

मग दिवस सुरू झाले. पुरवी पहाटे उठून पाणी भरायची आणि तांबूचे पाय बादल्यांत ठेवून तिच्या मानेला टेकून उभी राहायची. घोडीला राग नव्हता. ती अजूनही वरचा ओठ हलवत पुरवीचे खिसे हुंगायची. ते पुरवीला सगळ्यात जड जायचं.

नवरा बोलत नव्हता. भांडलाही नाही. "मीठ", "दार", "बर्फ आला" एवढंच. शनिवारी त्यानं घरखर्च तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवला, नेहमीच्या निम्मा. सासू स्वतः जाऊन कोंडा आणायला लागली आणि पोत्याच्या तोंडाला गाठ मारून ठेवायला लागली. गाठ सोडताना ती सुनेकडं पाठ करायची.

खेपा बंद झाल्या तसा ठेकेदारानं निरोप धाडला: काम राखायचं असेल तर कशाही विटा पोचव, नाहीतर दुसरा गाडीवान तयार आहे. भाड्याची घोडी बघितली. भाडं देऊन हातात काही उरत नव्हतं. तेव्हा गाडीवान स्वतः दांड्यांमध्ये शिरला. घोडीचा छातीचा पट्टा आखूड करून अंगावर घेतला. पहिल्या दिवशी तो एकटाच गेला आणि संध्याकाळी खांद्याची सालं निघालेली घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पुरवीनं न विचारता पायांत चपला सरकवल्या आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. त्यानं वळून पाहिलं, आणि पट्टा खांद्यावर घेतला.

चौथाई ओझं, दिवसाला दोन खेपा. भट्टीवरचे लोक पहिल्यांदा हसले. एक जण म्हणाला, "काय रे, घोडी माहेरी गेली काय?" दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तिसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही, नजर टाळायला लागले. ते हसण्याहून वाईट होतं.

पावाचं कबूल केल्याच्या बाराव्या दिवशी, दुपारच्या खेपेला चढावाच्या मध्यावर त्याचा पाय घसरला. "दगड!" तो ओरडला. तिनं झटकन चाकाखाली दगड सारला. गाडी करकरत थांबली. तो दांड्यांना रेलून धापा टाकत राहिला. ती मागं विटांना टेकून. दोघांच्या मध्ये विटांची भिंत होती, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

"तोबरा रोज मीच काढायचो," तो पलीकडून म्हणाला.

तिनं घसरू बघणारी एक वीट आत सारली.

"तळाला पावाचा चुरा असायचा. मी झटकून टाकायचो."

तिचे हात विटांवरच थांबले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. कोंड्याचं पोतं संपतच नव्हतं, तेही दिसत होतं." त्यानं दांडे घट्ट धरले. "विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग पैसे वाढवून द्या. द्यायला नव्हते. म्हणून विचारलं नाही."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही आठवलं होतं. घोडीला पाहिलं तेव्हाच आठवलं होतं." त्यानं पट्टा खांद्यावर सरकवला. "पाण्याचा दोष स्वस्त पडत होता. तेवढा एकट्यानं उचलता आला असता. पावाचं निघालं असतं तर घर कसं चाललंय, कुणाच्या जीवावर चाललंय, सगळंच निघालं असतं. आणि ते मला ठाऊक होतं असंही निघालं असतं."

"तुम्ही बारा दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

"कुठल्या तोंडानं बोलू?"

रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला, धूळ उडाली.  बारा दिवस सासूच्या गाठीकडं बघत काढले होते तिनं. बारा दिवस घोडीच्या मानेला टेकून एकटीनं माफी मागितली होती. पलीकडं तो दांडे धरून उभा होता. सोडले तर गाडी उलटणार, आणि दगड निघेपर्यंत पुढंही जाता येणार नाही. 

तिनं त्याला तसाच उभा राहू दिला. किती वेळ, ते तिनं मोजलं नाही.

मग बाहीनं तोंड पुसलं, खांदा गाडीच्या मागच्या फळीला लावला आणि पाय दगडाशी नेला.

"घरी गेल्यावर हे आईंना सांगा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

पलीकडं दांडे करकरले. मग आलं, "सांगतो."

"धरा नीट. दगड काढतेय."